दोन बोटं ढिला पिंजरा

मी पिंजरा बोलतोय. लहान पिंजरा. 'लहान' हे मी आपणहून आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही सांगायला नको. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, पांढऱ्या सळया, खाली पिवळं प्लॅस्टिकचं तबक आणि आत एक फिरतं चाक, एवढाच माझा पसारा. आणखी एक गोष्टही सांगून टाकतो, कारण ती लपवली तर पुढचं सगळं खोटं होईल. मी जळका आहे. दुसऱ्याला कोणी चांगलं म्हटलेलं मला आजवर सहन झालेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका यंत्रानं तारा सरळ केल्या, दुसऱ्यानं तोडल्या, तिसऱ्यानं ठिणग्या उडवत जोडल्या. शेवटी दाराला कडी बसवायला मी एका बाईंच्या हातात आलो. त्या दिवशी त्यांचं लक्ष कामात नव्हतं. जावेनं घेतलेल्या नव्या फ्रिजबद्दल त्या शेजारणीला सांगत होत्या, आणि सांगता सांगता माझी कडी जराशी ढिली बसली. माझ्या स्वभावातलं हे जे काही आहे, ते तिथूनच आलं असावं.

तिथून मी पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात आलो. मला छताच्या आकड्याला टांगलं आणि माझ्या नाकासमोर, दाराजवळच्या मोक्याच्या जागी, एक चार फूट उंच पिंजरा उभा केला. तीन मजले, दोन दारं, खाली चाकं. येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि "वा" म्हणायचा. दुकानदार त्याला रोज पुसायचा आणि मला आठवण झाली तर. त्याला पुसायचं फडकंसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायचं. मी मनात त्याचं नाव ताडमाड ठेवलं होतं.

मग एका सोमवारी मास्तर आले.

गळ्यात मोजपट्टी, कानावर खडू, खिशाला लावलेल्या तीन टाचण्या. शिंपीकाम करणारा माणूस सुट्टीच्या दिवशीही ओळखू येतो. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी हवाय पिंजरा?"

"घरी दोन डेगू आलेत," मास्तर म्हणाले. "लेक शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथला प्राण्यांचा कोपरा बंद केला, म्हणून या दोघी आमच्याकडे. तिला आज सुट्टी नाही, मला आहे. म्हणाली, बाबा, दोघी मावतील असा आणा."

दुकानदारानं लगेच ताडमाडावर हात ठेवला. "मग हा घ्या. डेगूंना उंच लागतो. पळतात, उड्या मारतात."

मास्तरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसऱ्या शिंप्यानं शिवलेला कोट ते असाच पाहतात, हे मला पुढे कळलं. "फार ढगळ आहे हो," ते म्हणाले. "हरवून जातील त्यात."

आणि त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. सकाळी त्यांनी बुटांच्या खोक्यात बसलेल्या त्या दोघींची मापं घेतली होती, अगदी गिऱ्हाइकाची घेतात तशी. लांबी शेपटीशिवाय सहा इंच. पोटाचा घेर. कानापर्यंतची उंची. "एकीमागे एक झोपल्या तर बारा इंच," ते वाचत होते. "वर शिवणीत ठेवतो तेवढी माया. आणि अंग वाढतं आहे म्हणून आणखी दोन बोटं ढिलं." त्यांनी मान वर केली, मला आकड्यावरून काढलं आणि मोजपट्टी लावली. "हा बरोबर बसतोय."

"अहो, तो हॅमस्टरचा आहे," दुकानदार म्हणाला.

"कोणाचा का असेना, माप बसतंय ना?"

दुकानदारानं खांदे उडवले. इतकी वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाशी मापावरून कोण वाद घालणार? मला तर त्या क्षणी आभाळ ठेंगणं झालं. ताडमाडाला नाकारून कोणीतरी मला निवडलं होतं. जाताना मी मुद्दाम त्याला घासून गेलो, म्हणजे मास्तरांचा हात जरा हलला आणि मी त्याचा अर्थ तसा लावला.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन, कापड बेतायचं मोठं टेबल, इस्त्री, आणि मास्तरांच्या मशीनशेजारी एक स्टूल. त्या स्टुलावर माझी स्थापना झाली. समोरच्या कोपऱ्यात मात्र माझी खरी वैरीण उभी होती. ट्रायल रूम. तीन फूट रुंद, अडीच फूट खोल, सहा फूट उंच असा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला जाड हिरवे पडदे, आत भिंतीवर मोठा आरसा. माणसं तिच्यात आठ्या घालून शिरायची आणि नव्या कपड्यांत हसत बाहेर यायची. मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, काजं-बटणं करता करता मान वर करून म्हणायच्या, "छान बसलंय हो." शिवायचे मास्तर, घालायचं गिऱ्हाईक, आणि कौतुक झाल्यावर फुगायची ही. मी तिला बाईसाहेब म्हणायचो.

पण माझ्याकडे त्या दोघी होत्या, तिच्याकडे कोणी नव्हतं.

डेगू तुम्ही पाहिले नसतील तर सांगतो. उंदराहून मोठे, खारीहून गुबगुबीत. अंग बदामी, डोळे काळेभोर, आणि शेपटीच्या टोकाला काळा झुपका, रंगाच्या कुंचल्याला असतो तसा. दिवसा जागतात, आणि सारखं काहीतरी बोलत असतात, बारीक आवाजात, एकमेकींना विचारत-सांगत. या दोघी एका पोटच्या बहिणी. एकीचा कान जरा फाटलेला, ती अंगानं मोठी. काकूंनी तिला थोरली म्हटलं आणि दुसरीला धाकटी. थोरली आधी प्रत्येक वस्तूचा वास घ्यायची, मगच धाकटी पुढे यायची.

पहिल्याच दिवशी थोरलीनं माझी एक सळई दातांत धरली आणि चावायला लागली. मग धाकटीनं शेजारची. दिवसभर कुर्रकुर्र. मला वाटलं, काय हा माझ्यावरचा जीव. बसल्या की दोघी माझ्या अंगाला चिकटून बसायच्या, एकीचा पाय माझ्या सळयांतून बाहेर, दुसरीची पाठ तारांच्या मधून फुगलेली. मी बाईसाहेबांकडे पाहून म्हणायचो, बघ, तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण दोन मिनिटांत पळून जातो. माझ्या इथून हलतसुद्धा नाहीत. हलायला जागा नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मास्तरांच्याही नाही.

काकूंच्या आलं. "अहो, सारख्या सळया चावतायत या," त्या म्हणाल्या.

"दात शिवशिवत असतील," मास्तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. "माझ्या मापात काही खोट नाही."

महिना-दीड महिना असाच गेला. मग थोरली चिडचिडी झाली. चाकावर एकच जण बसायची, आणि तीही पाठीची कमान करून. दुसरीनं काय करायचं? दुसरी पहिलीच्या अंगावरचे केस उपटायची. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, लेक उशिरा येऊन दमून झोपायची. परीक्षा संपल्यावर एका सकाळी ती माझ्यासमोर बसली. धाकटीच्या कुशीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती.

"बाबा, चला," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊ."

प्राण्यांच्या डॉक्टर एक ठेंगण्या, घाईच्या बाई होत्या. त्यांनी धाकटीला ओंजळीत घेतलं. "शेपटीला धरून कधी उचलू नका हं, शेपटीची कातडी सोलून हातात येते," असं त्या बोलता बोलता सांगून गेल्या. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत जे होतं ते मला अजून टोचतं.

"या यात राहतात? दोघी?"

"माप घेऊनच आणलाय," मास्तर म्हणाले.

"कशाचं माप घेतलंत?"

"त्यांचं."

डॉक्टरबाईंना आधी हसू आलं, मग मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "काका, हा काही सदरा नाही. सदऱ्याला अंगाचं माप घेतात. यांना राहायला जागा हवी, तर या पळतात किती नि उडी किती मारतात ते मोजा. निदान तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल, आणि उंची त्याहून जास्त. तारा जवळजवळ. मजले भरीव, जाळीचे नकोत, पाय सोलवटतात. आणि हे असलं प्लॅस्टिक नको, कुरतडून गिळतील. सळया चावतायत ना? ते लाडानं नाही. बाहेर पडायचंय त्यांना."

ते लाडानं नाही. मी टेबलावर सगळ्यांच्या देखत उभा होतो, आणि हे ऐकत होतो.

"बाबांचं माप कधी चुकत नाही," लेक हळूच म्हणाली. बापाची बाजू घ्यायची म्हणून म्हणाली, पण त्यामुळे मास्तर आणखीच खाली बघायला लागले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एवढा मोठा पिंजरा आपल्याकडे ठेवणार कुठे, बाबा? आमच्या शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांचं घर मोठं आहे. त्या न्यायला तयार आहेत. येत्या रविवारी येऊ का म्हणाल्या. मी हो म्हणून टाकते."

काकूंनी हातातलं बटण खाली ठेवलं. माझी तर पाचावर धारण बसली. दोघी गेल्या तर मी कोण? आकड्यावरचा रिकामा पिंजरा. मला त्या हव्या होत्या. कशाही हव्या होत्या, केस उपटलेल्या तर केस उपटलेल्या. हे मी आज लाज वाटून सांगतोय, तेव्हा वाटली नव्हती.

त्यानंतरचे चार दिवस मास्तरांनी जे केलं ते पाहून गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली. दुपारी ते दुकानाचं दार लावायचे, माझं दार उघडायचे आणि दोघींना जमिनीवर सोडायचे. मग मोजपट्टी घेऊन गुडघ्यांवर बसायचे. थोरली सुटली की जिथून निघाली तिथे खडूची रेघ, थांबली तिथे दुसरी. धाकटीनं टेबलाच्या आडव्या दांडीवर उडी घेतली की लगेच उंची मोजायची. "थोरली, एका दमात बारा फूट," ते पुटपुटत. "धाकटी, उडी दोन फूट. परत मार बघू बाळ, नीट दिसली नाही." शुक्रवारी त्यांनी ती जुनी चिठ्ठी काढली, आणि तिच्यावर आडवी काट मारली. काकू म्हणाल्या, लग्न झाल्यापासून त्यांनी मास्तरांना माप खोडताना पाहिलं नव्हतं.

मग मास्तर बराच वेळ कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. ते ट्रायल रूमकडे बघत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझ्या मनात येतंय तेच तुमच्या मनात नाही ना?"

"सहा फूट उंच आहे."

"आणि गिऱ्हाइकं कपडे घालून बघणार कुठे?"

"आतल्या खोलीत. तू एक पडदा लाव."

"माझ्या स्वयंपाकघरात?"

"स्वयंपाकघराच्या अलीकडे."

"म्हणजे मी पोळी तव्यावर टाकणार आणि पलीकडे कोणीतरी पँटची बटणं लावत असणार," काकू म्हणाल्या. पण संध्याकाळी तिथला पडदा त्यांनीच शिवला, आणि त्याला दुहेरी दुमड घातली.

शनिवारी वेल्डर आला. हिरवे पडदे उतरले, आरसा आतल्या खोलीत गेला, चारी बाजूंना आणि माथ्यावर बारीक जाळी ठोकली गेली, जाळीचंच दार झालं. मास्तरांनी आत चार फळ्या बसवल्या, सगळ्यात वर एक झाडाची फांदी, खाली गवत आणि बारीक मातीची थाळी, कारण डेगू पाण्यानं नाही, मातीत लोळून आंघोळ करतात. माझ्या चाकाच्या दुप्पट मोठं, भरीव चाकही आलं. लेकीनं शाळेतल्या बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता ढगळ नाही ना वाटत, बाबा?" मास्तर म्हणाले, "बघू, घालून बघू दे आधी."

दोघी आत गेल्या. थोरलीनं वास घेतला, धाकटी मागून आली. आणि मग दोघी ज्या सुटल्या, त्या फळीवरून फळीवर, फांदीवर, खाली, परत वर. काकू खुर्चीतून उठून म्हणाल्या, "छान बसलंय."

मला त्यांनी कपाटावर ठेवलं. आत दोऱ्यांची रिळं भरली, चेनची पाकिटं भरली.

तिथून मला सगळं दिसायचं, हीच माझी शिक्षा होती. येणारं गिऱ्हाईक आता कपड्यांकडे नंतर बघायचं, आधी जाळीला नाक लावायचं. "केवढा मोठा हो पिंजरा." बाईसाहेबांचा तोरा तर विचारूच नका. आधी कपड्यांचं कौतुक लाटत होती, आता माझ्या दोघींचं. धाकटीच्या कुशीवर नवे केस आले, ते लेकीनं सगळ्यांना दाखवले. माझ्या पोटात दुखत होतं. वजन वाढलं तर दुखायचं, झोपल्या तर दुखायचं. दोघींनी महिनाभर एकदाही जाळी चावली नाही, याचंसुद्धा मला दुखायचं. माझ्यापाशी असताना तेवढंच तर केलं होतं त्यांनी माझ्यासाठी.

एका दुपारी दोघी सगळ्यात वरच्या फळीवर, माझ्या बरोबर समोर, पोट वर करून ऊन खात पडल्या होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, पडू दे. पडू दे यातली एक, म्हणजे कळेल सगळ्यांना.

त्यानंतर चौथ्या दिवशी धाकटी पडली.

त्याचं कारण मी नव्हतो, मास्तरांच्या फळ्या होत्या, हे डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. मास्तरांनी फळ्या बसवल्या होत्या कापडाच्या कपाटात असतात तशा, एकाखाली एक, सगळ्या मागच्या भिंतीला, आणि पुढचा भाग वरपासून खालपर्यंत मोकळा. खेळता खेळता थोरलीचा धक्का लागला आणि धाकटी वरच्या फळीवरून थेट जमिनीवर आली. पाच फूट. आवाज लहानसाच झाला. मास्तरांचं मशीन चालू होतं, ते त्यांनी टाका अर्धा टाकून थांबवलं.

लेक शाळेत होती. मास्तर धावत कपाटाशी आले, माझ्यातली रिळं जमिनीवर ओतली आणि धाकटीला माझ्यात ठेवलं. तिचा मागचा एक पाय लोंबत होता. आणि खरं सांगू? त्या वेळीसुद्धा, ती कण्हत होती तेव्हासुद्धा, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आली परत. माझ्याकडेच आली. नंतर मी स्वतःला हजारदा बोल लावले, पण पहिलं आलं ते हेच.

"हाडाला बारीक तडा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भरून येईल. पण तीन आठवडे चढणं नाही, उड्या नाहीत. लहान जागेत ठेवा." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे तो चांगला आहे."

माझ्या आयुष्यात मला कोणी चांगलं म्हटल्याची ही पहिली वेळ.

"आणि थोरली?" मास्तरांनी विचारलं.

"ती या पायाला धक्के देईल, म्हणून आत नको. पण लांबही नको. तीन आठवडे दिसल्या नाहीत, वास आला नाही, तर परत एकत्र येतील तेव्हा परक्या झालेल्या असतील. जीव जाईपर्यंत भांडतात मग."

मास्तरांनी वाटेत विचार केला असावा. घरी येताच त्यांनी पत्र्याची पातळ पट्टी कापली आणि माझ्या पिवळ्या तबकाच्या काठावर दुमडून ठोकली, कॉलरला पायपिंग लावतात तशी, म्हणजे धाकटीनं प्लॅस्टिक कुरतडू नये. चाक काढून घेतलं. ढिल्या कडीला दोऱ्याचे सात पदर गुंडाळले. आणि मला उचलून नेऊन ठेवलं कुठे, तर बाईसाहेबांच्या पोटात. तळमजल्यावर, गवतात.

माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच विचार करा. जिचं तोंड बघायला नको, तिच्याच घरात पाहुणा. पण धाकटी माझ्याकडे होती, आणि मी ठरवलं की वर बघायचंच नाही.

मास्तरांनी मागच्या फळ्या उखडल्या आणि नव्यानं ठोकल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, तिरक्या टाक्यासारख्या, म्हणजे कोणी पडलंच तर खालच्याच फळीवर पडेल. "हे आधीच सुचायला हवं होतं," ते लेकीला म्हणाले. "मी कापड ठेवायचं कपाट केलं, बाळ."

"सुचलं ना आता," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातात एकेक खिळा देत राहिली.

तेवढं सगळं घर आता थोरलीचं एकटीचं होतं. चार मजले, फांदी, मोठं चाक. ती पहिल्या दिवशी एकदा वर जाऊन आली. मग खाली उतरली आणि माझ्या सळयांना अंग लावून बसली, बाहेरून. आतून धाकटीही लंगडत आली आणि तिथेच टेकली. दोघींच्या मध्ये माझ्या सळया. दोन्हीकडून ऊब येत होती. मला वाटलं, हेच तर मी मागत होतो. दोघीही मला टेकून बसल्या आहेत, आणि बाईसाहेब वरपासून खालपर्यंत रिकाम्या.

दुसऱ्या दिवशीही थोरली हलली नाही. खाणं तोंडात धरून आणायची, माझ्याशी बसून खायची, आणि गवताची काडी माझ्या तारांतून आत सरकवायची. धाकटी तिकडून ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी थोरलीनं माझी सळई दातांत धरली. कुर्रकुर्र. तोच आवाज. मग कडीवरच्या दोऱ्याकडे वळली. सात पदरांतले दोन तिनं त्या दुपारी तोडले, मास्तरांनी संध्याकाळी चार आणखी घातले.

आता मला तो आवाज कळत होता. आधी दोघी मला टेकून बसायच्या, कारण दुसरीकडे कुठे बसायला जागा नव्हती. आता टेकून बसतात, कारण पलीकडे बहीण आहे. दोन्ही वेळा माझ्यासाठी नव्हतं. मी नुसता मध्ये होतो. आजवर मी फडक्यावर जळलो, पडद्यांवर जळलो, चार फुटांच्या उंचीवर जळलो. त्या दिवसांत मी त्या गवताच्या काडीवर जळलो, कारण ती या बाजूची त्या बाजूला जाऊ शकत होती.

आणि पहिल्यांदा मला वाटलं की ही कडी जेवढी ढिली आहे त्याहून ढिली असती तर बरं. कारखान्यातल्या त्या बाईंनी जावेबद्दल आणखी जरा बोलायला हवं होतं. पण पाय बरा व्हायचा होता. तेव्हा मी धरून राहिलो. खरं तर दोऱ्यानं धरलं होतं, पण मीही धरलं होतं असं म्हणू द्या मला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या, कोटाच्या बाह्या लहान करून घ्यायच्या होत्या म्हणून. त्यांनी धाकटीचा पाय दाबून पाहिला, ताणून पाहिला. "सोडा," म्हणाल्या. मास्तरांनी कैची घेतली आणि कडीवरचा दोरा एका फटक्यात कापला. दार उघडलं. काकू, लेक, डॉक्टरबाई, सगळे जाळीला डोळे लावून उभे. मीही मनाची तयारी केली होती. जा बाई. वर चार मजले आहेत, फांदी आहे, ऊन आहे. मी कपाटावर जाईन, रिळं पोटात घेईन.

धाकटी बाहेर गेली नाही. थोरली आत आली.

वास घेतला, पाय हुंगला, कान चाटला, आणि दोघी माझ्या कोपऱ्यातल्या गवतात एकमेकींच्या मानेत तोंड खुपसून झोपून गेल्या. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. मास्तर हळूच म्हणाले, "दोघी मावल्या." लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि ते खडू शोधायचं निमित्त करून तिकडे वळले.

त्यांनी मला तिथून हलवलं नाही. माझं दार मात्र बिजागरीसकट काढून टाकलं, म्हणजे कधी चुकून लागायला नको. प्लॅस्टिकचं तबक काढून घेतलं आणि मला नुसत्या सळयांनिशी गवतावर पालथं ठेवलं. ते तबक आता मास्तरांच्या टेबलावर असतं. त्यात खडू, टाचण्या, सुटी बटणं ठेवतात, दिवसातून पन्नास वेळा मास्तरांचा हात त्याच्यात जातो. माझंच तबक ते. तरी मला त्याचाही राग येतो. स्वभावाला औषध नाही.

तुम्ही कधी दोन डेगू घरी आणणार असाल, तर माझ्यासारख्याला एकटा घेऊन जाऊ नका. मी आकड्यावरून कितीही गोंडस दिसलो तरी नका घेऊ. त्या किती पळतात ते आधी मोजा, आणि तेवढी जागा द्यायला घरातलं काय हलवावं लागेल ते बघा. मास्तरांनी ट्रायल रूम हलवली. तुमच्याकडेही काहीतरी असेल. फळ्या मात्र एकाखाली एक ठोकू नका.

लोक अजून येतात, जाळीला नाक लावतात आणि म्हणतात, "केवढा मोठा पिंजरा." खाली गवतात मी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी मला याचं फार लागायचं. अजूनही लागतं, सकाळभर.

दुपारी लागत नाही. दुपारी ऊन वरच्या फळीवर येतं, फांदीवर येतं, सगळे मजले मोकळे असतात, कुठेही जायला कोणाची अडकाठी नसते. तेव्हा आधी थोरली एकेक फळी उतरून खाली येते, मग धाकटी, आणि जिथे दार होतं तिथून दोघी माझ्यात शिरतात. वर सहा फूट उंच बाईसाहेब रिकाम्या उभ्या असतात. त्या काही बोलत नाहीत, पण जन्मभर हेच केलेल्याला समोरच्याची नजर कळते. जळतायत. जळू दे.